आधी फोटो, मग घास?

"मी वाशीचा" असं सांगितलं, की आमच्या कॉलेजात पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "सेक्टर कितवा?" मग मला सांगावं लागतं, की बाबांनो, ही नवी मुंबईतली वाशी नव्हे. ही धाराशिव (म्हणजे २०२३ पर्यंतचं उस्मानाबाद) जिल्ह्यातली, बालाघाटाच्या डोंगराजवळची, तालुक्याची वाशी. आमच्याकडे मॉल नाही, लोकल नाही. ज्वारी आहे, दूध आहे, आणि दर दोन-चार वर्षांनी न चुकता येणारा दुष्काळ आहे.

आता या ओळखीत होस्टेलवर अजून एक भर पडली आहे. मेसमध्ये ताट समोर आलं आणि मी खिशातून मोबाईल काढला, की आमच्या टेबलावरून आवाज येतो, "थांबा रे, आरती चालू आहे! प्रसाद नंतर!" सगळे हसतात. मीही हसतो, फोटो काढतो आणि मगच जेवायला लागतो. हे गेली दीड वर्षं चालू आहे.

मित्रांनो, तुमचा राग मला समजतो. जेवणाचा फोटो म्हणजे दिखावा, असं आपण सगळेच म्हणतो. पिझ्झा थंड होतोय, चीज गोठतंय आणि बाईसाहेब खुर्चीवर उभ्या राहून वरून अँगल शोधतायत, हे दृश्य कुणी पाहिलेलं नाही? शिवाय ज्या मुलखात १९७२ च्या दुष्काळात माणसांनी खडी फोडून सुकडी खाल्ली, तिथल्या पोराने भाकरीचे फोटो काढत बसणं म्हणजे जरा अतीच, असंही कुणी म्हणेल. माझी आजीच म्हणाली होती, "काय रं, भाकरीचं बी फोटू काढायलास? भाकर काय पळून जायलीय व्हय?"

आजीला तेव्हा उत्तर देता आलं नाही. ते आज देतो.

सुरुवात झाली ती एम-थ्रीच्या निकालाने. मी तेव्हा घरी होतो. निकाल लागला आणि माझी विकेट पडली. वडील शेतातून यायचे होते. त्यांना काय सांगायचं, या विचाराने पोटात गोळा आला होता. बाहेरच्या खोलीत बसवेना, म्हणून आत चुलीपाशी आईजवळ जाऊन बसलो. आई भाकरी करत होती. तिला काही कळलं होतं की नाही, माहीत नाही. तिने काही विचारलं नाही.

मी नुसता बघत बसलो. परातीत पीठ, पाण्याचा हात, गोळा मळणं, मग तळहाताने थापत थापत भाकर गोल फिरवणं. काठ कुठेही जाड नाही की फाटलेला नाही. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं, उलटायची, आणि मग तवा बाजूला करून निखाऱ्यापाशी उभी करायची. आणि मग ती फुगते! आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती पापुद्रा उचलून धरते. आम्ही मेकॅनिकलवाले ज्याला प्रेशर म्हणतो, ते आई रोज संध्याकाळी पंधरा वेळा करून दाखवते. वीस वर्षं ती भाकरी खाल्ली, पण ती फुगताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

हातात मोबाईल होताच (निकालाचं पान पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो, जसं काही मार्क वाढणार होते). फोटो काढला. हुकला. भाकर पूर्ण फुगलेली असण्याचा क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो. पुढची भाकर, पुन्हा हुकला. चूल अंधारात, म्हणजे शटर सावकाश उघड-मीट होणार, हात जरा हलला की फोटो पुसट. मग भिंतीला पाठ टेकवली, कोपरं गुडघ्यावर ठेवली, श्वास रोखला. सातव्या की आठव्या भाकरीला फोटो मिळाला. आणि माझ्या लक्षात आलं, की गेली वीस मिनिटं एम-थ्री माझ्या डोक्यात नव्हतं. पोटातला गोळाही नव्हता.

नंतर वडील आले, मी सांगितलं, बोलणी खाल्ली. ते सगळं झालंच. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा चुलीपाशी जाऊन बसलो.

यात जादू काही नाही. फोटो काढायचा म्हणजे समोरच्या एकाच गोष्टीकडे बघावं लागतं. उजेड कुठून येतोय, सावली कुठे पडतेय, वाफ कधी दिसते. (वाफ दिसायला मागे अंधार आणि पाठीमागून किंवा बाजूने उजेड लागतो, हे मला पुस्तकाने नाही, वरणाच्या पातेल्याने शिकवलं.) मन एका कामाला जुंपलं, की ते इकडेतिकडे उधळत नाही. आजीची जपमाळ हेच करत असणार. माझी जपमाळ पाच-सहा इंची आहे, इतकंच.

आणि आपण तर इंजिनिअर होणार लोक! आपल्याला यात खेळायला केवढं आहे बघा. आईची भाकर शुभ्र, कारण ज्वारी मालदांडी. पण माझ्या फोटोत ती राखाडी यायची. असं का? तर कॅमेऱ्याच्या मीटरला पांढरं-काळं कळत नाही. समोर जे काही आहे ते सरासरी करड्या रंगाचंच आहे, असं धरून तो हिशेब करतो. म्हणजे भात, दही, खवा, भाकर, सगळं करडं. मग आपण त्याला सांगायचं, बाबा रे, एक्स्पोजर थोडं वाढव. उलट काळ्या तव्याचा फोटो काढताना कमी करायचं. दुसरं म्हणजे फ्लॅश कधी मारू नये, आमटीवरच्या तेलाचा कट आरशासारखा चमकतो. दाराजवळ ताट ठेवावं, एका बाजूने उजेड घ्यावा, आणि दुसऱ्या बाजूची सावली फार गडद वाटली तर तिथे पांढरा कागद उभा करावा. फर्स्ट इयरच्या ड्रॉइंग शीट्स घरी पडून होत्या. ज्या शीटवर आयसोमेट्रिक प्रोजेक्शनने मला रडवलं, तिच्याच कोऱ्या बाजूने आता शेंगदाण्याच्या चटणीवर उजेड पडतो. शिक्षण वाया जात नाही म्हणतात ते खोटं नाही!

हे वेड माझ्या एकट्याचं नाही, हे नंतर वाचनात आलं. फोटोग्राफीचं तंत्र नवं होतं तेव्हाच, १८४० च्या दशकात, इंग्लंडच्या फॉक्स टॅल्बटने टोपलीतल्या फळांचा फोटो आपल्या पुस्तकात घातला. आणि एडवर्ड वेस्टन नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३० साली चक्क ढोबळी मिरची घेतली, पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली आणि तिचा फोटो काढला. 'पेपर नंबर ३०' हा त्याचा फोटो जगप्रसिद्ध आहे. मिरचीच, पण बघताना वाटतं की कुणी पैलवान पाठमोरा बसलाय. नाव नंबर तीस, कारण आधीच्या कितीतरी मिरच्यांवर त्याचं समाधान झालं नव्हतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, फोटो झाल्यावर तो आपल्या या मिरच्या खाऊन टाकायचा. आमच्या मेसच्या मंडळींनी हे लक्षात घ्यावं. फोटो काढणारा माणूस अन्न टाकतो असं नाही.

अर्थात दुसरी बाजूही आहे. जाहिरातीतलं अन्न बऱ्याचदा अन्न नसतंच. दुधाच्या जागी गोंद, आइस्क्रीमच्या जागी कुस्करलेला बटाटा, पाकाच्या जागी इंजिन ऑइल, असले उद्योग त्या धंद्यात चालत आले आहेत. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे भाज्या वर येऊन सूप भरगच्च दिसावं! ते प्रकरण तिथल्या सरकारी आयोगापर्यंत गेलं आणि १९७० मध्ये कंपनीला हे बंद करण्याचा आदेश निघाला. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. कारण गोट्या टाकायचा मोह आपल्यालाही होतो. मीही ठेचा जास्त लाल दिसावा म्हणून रंग वाढवलेले आहेत. आईने तो फोटो बघून विचारलं होतं, "एवढा तिखट कुणी केला?"

पण खोटेपणा फक्त रंगात नसतो. हे मला कळलं ते एका खऱ्या फोटोमुळे, आणि हा लेख लिहायचं कारणही तोच फोटो आहे.

आमच्या स्वयंपाकघराच्या पत्र्याला एक भोक आहे. सकाळी नऊच्या सुमारास त्यातून कवडसा पडतो. चुलीच्या धुरात तो कवडसा अगदी काठीसारखा उभा दिसतो. टिंडाल इफेक्ट आपण शिकलो, तोच. एकदा तो कवडसा नेमका आईच्या हातावर आणि भाकरीवर पडला होता. मी क्लिक केलं. काय फोटो आला होता म्हणून सांगू! मागे सगळा अंधार, आणि उजेडाच्या त्या खांबात दोन हात आणि भाकर. आमच्या गॅदरिंगच्या फोटो प्रदर्शनात तो लावला. सर म्हणाले, "वा, काय लाइट आहे!" मुली म्हणाल्या, "सो पीसफुल!" दुसरा नंबर आला.

सुट्टीत घरी गेल्यावर आईला तो मोठा करून दाखवला. तिने पदराला हात पुसले, फोन हातात घेतला, बराच वेळ बघितला. म्हणाली,

"लई धूर दिसायलाय की रं."

बस्स. एवढंच म्हणाली आणि कामाला लागली.

मित्रांनो, त्या फोटोत उजेड सगळ्यांना दिसला होता. मला, परीक्षकांना, प्रदर्शन बघणाऱ्या प्रत्येकाला. धूर फक्त आईला दिसला, कारण तो तिच्या डोळ्यात जात होता. मला ज्या चुलीपाशी शांतता मिळाली म्हणून मी मोठ्या कौतुकाने सांगतोय, तिथेच ती रोज खोकत होती. घरात गॅस आहे. पण सिलिंडर पुरवून वापरायचा, म्हणून गॅस चहाला आणि भाजीला, भाकरी चुलीवरच. आणि वरून आम्ही पुरुष म्हणणार, चुलीवरच्या भाकरीची चवच वेगळी! हल्ली हायवेवरच्या ढाब्यांवरही 'चुलीवरचं' अशी पाटी असते. त्या पाटीत धूर कुठे असतो?

मेकॅनिकलचा विद्यार्थी, बर्नर आणि ड्राफ्टवर प्रश्न सोडवणारा, आणि माझ्याच घरातल्या चुलीला धुराडं नाही हे मला फोटो काढेपर्यंत दिसलं नव्हतं. खरं तर फोटो काढूनही दिसलं नव्हतं. ते आईने दाखवलं.

त्यानंतर मी फोटो काढणं सोडावं की काय, असं वाटलं होतं. पण मग विचार केला, की चूक फोटोची नाही. मी अर्धंच बघितलं, ही चूक. फोटोने माझं मन शांत केलं, ते चांगलंच झालं. पण शांत झालेल्या मनाने पुढे अजून बघायला हवं होतं, ते मी केलं नाही.

मग मी जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो. आमचा भाग खव्याचा. शेजारच्या भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. कुंथलगिरी हे जैनांचं मोठं तीर्थक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तिथेच समाधी घेतली. पण आमच्याकडे लहान पोराला विचारा, तो आधी पेढाच सांगेल. या पेढ्याचे फोटो खूप आहेत, डब्यात रचलेले. मी भट्टीवर गेलो.

मोठी पसरट कढई, खाली जाळ. दुधात बहुतेक पाणीच असतं, ते सगळं उडवायचं. साधारण पाच लिटर दूध आटवावं तेव्हा किलोभर खवा पडतो, दूध गाईचं असेल तर थोडं जास्तच लागतं. तळाला लागू नये म्हणून हात सतत फिरता ठेवायचा. एक मिनिट थांबला, की करपलं. काही ठिकाणी आता यंत्राने फिरणाऱ्या कढया आल्या आहेत, पण हाताने घोटणाऱ्या भट्ट्या अजून आहेत. मी तिथे तासभर होतो आणि घामाने निथळलो. जो माणूस ढवळत होता, तो पहाटेपासून उभा होता. दूध, मग बासुंदीसारखं, मग रवाळ, मग गोळा. रंग पांढऱ्यापासून बदामीपर्यंत कसा सरकत जातो, हे बघणं खरंच ध्यानासारखं आहे. पण या खेपेला मी कढईचे पाच फोटो काढले आणि त्या माणसाच्या मनगटाचेही पाच काढले. आधी विचारून. तो हसला, "घ्या की, पण तोंड नको, लई काळं झालंय." मग चहाही पाजला.

असेच फोटो मी येळवशीला काढले. आमच्याकडे मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पांडव, आणि जेवायला भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. भज्जी म्हणजे तुम्हा पुणे-मुंबईवाल्यांची कांदाभजी नव्हे! मिळतील त्या भाज्या, ओले दाणे, तुरीचे-वाटाण्याचे कोवळे दाणे, सगळं बेसन आणि चिंचेच्या पाण्यात शिजवलेलं. फोटोत ती अजिबात सुंदर दिसत नाही, पिवळट-हिरवा गाळ दिसतो. पण त्यात त्या वर्षी शेतात काय आलं आणि काय नाही, ते सगळं वाचता येतं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमच्या भागातली सोयाबीन पाण्यात कुजली, कितीकांची माती वाहून गेली. तरी अमावास्येला शेतात जेवण झालंच. भज्जीत भाज्या कमी होत्या, इतकंच. त्या दिवशीचा आंबिलीच्या गाडग्याचा फोटो माझ्याकडे आहे. स्पर्धेत तो कुठलाही नंबर काढणार नाही. मला मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री धीर धरायचा असतो, तेव्हा मी तोच उघडतो. ज्यांचं पीक गेलं ती माणसं शेतात पंगत मांडून बसतात, तर माझ्या पेपरचं काय घेऊन बसलात?

त्याच पुराच्या दिवसांत आपण दुसऱ्या प्रकारचेही फोटो पाहिले. मदतीचं पाकीट एक, ते देणारे हात दहा, सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे, आणि घेणारी बाई खाली बघतेय. हाही अन्नाचाच फोटो म्हणायचा. पण यात अन्न कुठे आहे? मला विचाराल, तर ताटाचा फोटो काढणाऱ्या पोरींना हसण्याआधी या फोटोंना हसावं. नव्हे, चिडावं.

याउलट एक चांगलं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचा स्वयंपाक त्यांच्या नातवाने शूट करायला सुरुवात केली, आणि २०२० मध्ये 'आपली आजी' हे यूट्यूब चॅनेल घरोघरी पोचलं. लोकांना मसाला हवाच होता, पण लोक बघत बसले ते आजींच्या हाताकडे आणि बोलण्याकडे. कॅमेरा त्या हाताच्या जवळ उभा होता, म्हणून ते खरं वाटलं.

तर सांगायचा मुद्दा असा. जेवणाचा फोटो जरूर काढा. सबमिशन, व्हायवा, प्लेसमेंट या सगळ्या धावपळीत दिवसातून दोन मिनिटं एका ताटाकडे नीट बघायला मिळत असेल, तर ते स्वस्तातलं औषध आहे. त्याला डीएसएलआर लागत नाही, क्लास लागत नाही. माझी पथ्यं फक्त चार आहेत. ताट गरम असेपर्यंतच फोटो, दोनपेक्षा जास्त क्लिक नाही. शेजारी कुणी उपाशी थांबला असेल तर फोटोच नाही. ज्याच्या हातचं आहे त्याला आधी विचारायचं आणि नंतर तो फोटो दाखवायचा. आणि चौथं, सगळ्यात अवघड पथ्य: त्याला त्या फोटोत काय दिसतं, ते ऐकून घ्यायचं.

आता राहिली चूल. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि वडिलांनी मिळून तिला पत्र्याचं धुराडं बसवलं. पहिल्या दिवशी जोडातून सगळा धूर घरातच आला आणि आजीने माझ्या इंजिनिअरिंगचा यथेच्छ उद्धार केला. मग जोड मातीने लिंपला, वरची नळी अजून हातभर वाढवली. आता बराचसा धूर वर जातो. सगळा नाही, पण बराचसा.

पत्र्याचं ते भोक अजून तसंच आहे. सकाळी नऊला कवडसा पडतो, पण आता तो हवेत उभा दिसत नाही. खाली जमिनीवर नुसता रुपयाएवढा उजेडाचा ठिपका पडतो. तसा फोटो आता पुन्हा येणार नाही.

परवा आईला तसं म्हणालो, तर म्हणाली, "नगं येऊ दे. तू खा आधी, निवायलंय."

आणि आजीला उत्तर द्यायचं राहिलंच. आजी, भाकर पळून जात नाही गं. आमचं लक्षच पळतं. ते धरून ठेवायला फोटू काढायलोय.